डाव्या हाताची थरथर

"अहो, पाणी प्यायलात ना?" बायकोने न्हाणीघराच्या दारावर थाप मारली.

"तोंड धुतोय."

"गिळल्याचा आवाज आला. मी काय बहिरी आहे?"

पंप मेकॅनिक ओल्या मिश्या पुसत बाहेर आला. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून त्याला पाणी मोजून मिळे. आणि जन्मभर लोकांच्या टाक्यांत पाणी चढवणाऱ्या या माणसाची तहानही दांडगी. डायालिसिसला त्याने सुजून जायचं आणि नर्सची बोलणी हिने खायची, असं चाललं होतं. तिच्या डोक्याला नुसता ताप झाला होता.

"हात आणा इकडे."

डाव्या मनगटापाशी ऑपरेशन करून धमनी शिरेला जोडली होती. डॉक्टर त्याला शंट म्हणत, नर्स फिस्टुला, आणि हा पठ्ठ्या बायपास लाइन. तिथे कातडीखाली रक्त थरथरत धावायचं. थरथर आहे तोवर डायालिसिस, आणि डायालिसिस आहे तोवर हा. रोज सकाळी ती बोटं ठेवून बघायची आणि तो विचारायचा, "पंप चालू?"

आज बोटांना काहीच लागेना. तिने कान टेकवला.

"काल काय केलंत?"

"काही नाही."

"अहो!"

"एक मोटर काढली. हत्यारांची पिशवी या कोपरात अडकवली होती. पान्याला उजवा हात मोकळा लागतो ना."

तिला रडू यायच्या आधी संताप आला. या हाताला वजन नको म्हणून डॉक्टरांनी बजावलं, तिने कानीकपाळी ओरडून सांगितलं; पण ऐकेल तर शपथ! उजवा हात पान्याचा, म्हणून तो जिवापाड जपायचा. डाव्याला हमाली.

दवाखान्यात तिथे अडकलेली रक्ताची गुठळी काढून बघितली, पण रक्त वाहेना. "डाव्या हातात आता कामाची शीर नाही," डॉक्टर म्हणाले. "उजव्याला करू. तो तयार होईपर्यंत मानेतल्या नळीवर भागवू."

"आणि पाना?" त्याने विचारलं.

"पाना विसरा आता."

बायकोने वाटेत चांगलं खरमरीत भांडण जुळवून ठेवलं होतं. त्याने पेन मागून ऑपरेशनच्या कागदावर उजव्या हाताने सही केली, आणि तिला त्यातलं काही बोलवेना.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर, दुसऱ्या सकाळी सवयीने तिने त्याचा डावा हात धरला आणि सोडला. त्याने टेबलावर उजवा ठेवला. मनगटाला पट्टी, नखांत अजून ग्रीस. तिने पट्टीच्या कडेला बोटं टेकवली. तो काही विचारत नव्हता.

"चालू आहे," तीच म्हणाली.

मग तिने त्याच्या वाटणीचं पाणी पेल्यात ओतून पुढे केलं. त्याने तो डाव्या हाताने उचलला. हात लटपटला, थोडं पाणी टेबलावर सांडलं. तो तिच्याकडे बघत राहिला.

"बघताय काय? सांडलेलं मोजत नाही मी," ती वैतागून म्हणाली आणि तेवढं पाणी पुन्हा ओतलं.