गॅलरीत टांगलेल्या सीडीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी गेमची सीडी आहे. वय विचारू नका. आणि माझ्याशी वाईट वागला असाल, तर माफीही मागू नका. ते खातं मी उघडलेलंच नाही.

माझ्यावर बंदरातल्या क्रेनचा गेम आहे. जहाजातल्या पेट्या उचलायच्या आणि न आपटता ट्रकवर ठेवायच्या. कारखान्यात मला एका दणक्यात छापलं, प्लॅस्टिकच्या डबीत निजवलं आणि दुकानाच्या काचेत उभं केलं. तिथून मला एका शिंप्याने घेतलं. दिवसभर कात्री चालवून दमलेला हा माणूस संध्याकाळी मुलाला मांडीवर घेऊन पेट्या उचलायला बसायचा. शेजारीपाजारी मला मागून न्यायचे, आठवड्याने परत द्यायचे, वर बोटांचे ठसे फुकट. केवढा मान होता माझा!

मग तो मुलगा मोठा झाला आणि ऑनलाइन दुकानातून गेम घ्यायला लागला. त्या दुकानात खोट काढायचा मी फार प्रयत्न केला. पण खरं सांगते, घरबसल्या गेम मिळतो, ओरखडा पडत नाही, हरवत नाही, सेल लागला की निम्म्या किमतीत येतो. चार जणांनी एका खोलीत बसून बनवलेला गेमही जगभर जातो, सीड्या छापायचा खर्च नाही. सगळं खरं. म्हणूनच जास्त आग होते!

माझाच गेम त्याने तिथून पुन्हा घेतला. डबी कचऱ्यात गेली आणि माझ्या भोकात सुतळी ओवून मला गॅलरीत टांगलं. कबुतरं हाकलायला!

"बाबा, आता सगळं खात्यात असतं. सीड्या कोण सांभाळत बसतं?"

सहा वर्षं मी उन्हात गरगरले. कबुतरं दोन दिवस घाबरली. नंतर माझ्याच अंगावर... जाऊ द्या, लहान मुलं वाचतायत. तेव्हाच ठरवलं, या पोराला माझ्यापुढे हात जोडायला लावीन.

पुढे काय झालं, शिंपी स्टुलावरून पडला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झालेली. कात्रीत अंगठा जाईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी स्पंजचा चेंडू दिला. "रोज दाबा काका, नाहीतर कात्री विसरा." त्याने चेंडू भिंतीवर मारला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मग तुमची ती क्रेन तरी चालवा," त्याची बायको म्हणाली. "बटणं दाबाल तेवढीच बोटं हलतील."

मुलगा ऐटीत पुढे झाला. "दोन मिनिटांत लावतो." दुकान उघडलं. खातं होतं, पावती होती, गेमचं चित्रही होतं. गेम नव्हता! कुठला तरी करार संपला म्हणून दुकानाने तो काढून टाकला होता.

"अरे, विकत घेतला होतास ना?" आईने विचारलं.

"हो, पण... नुसती वापरायची परवानगी होती. नियमांत लिहिलंय."

"म्हणजे भाड्याचा?"

"तसंही नाही गं..."

"मग कसला रे, डाउनलोडराव?"

मी इतकी हसले की सुतळीला पीळ पडला. आणि मग तिघांच्याही माना माझ्याकडे वळल्या.

आता बघा गंमत. मुलाच्या चपट्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही! ज्या फोटोवाल्या काकांना तो "अजून सीड्याच वाटता का?" म्हणून हिणवायचा, त्यांच्याचकडून बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह मागून आणावा लागला. काकांनी म्हणे आधी अर्धा तास कुणाच्या तरी लग्नाची सीडी दाखवली. देवमाणूस!

मग मला साबणाची आंघोळ. चष्म्याच्या फडक्याने पुसणं. मी फिरले. गेम लॅपटॉपवर चढत गेला, नव्वद टक्के, पंच्याण्णव, नव्याण्णव. आणि थांबले. पुन्हा साबण, पुन्हा नव्याण्णव. असं सात वेळा! आठव्यांदा त्याने खरोखर हात जोडले. "चुकलं माझं, बाई. बाबांसाठी तरी चाल."

मी शंभर केले आणि लगेच गेम उघडायचा सोळा आकडी नंबर मागितला. तो डबीवर छापलेला होता. पोराचं तोंड बघून सहा वर्षांचं ऊन वसूल झालं.

पण तेवढ्यात मला शिंपी दिसला. केव्हाचा बसला होता, वाकडी बोटं बटणांवर ठेवून. माझं हसू आटलं. नंबर सांगायला मला तोंड कुठे होतं?

"मापांची वही आण," तो शांतपणे म्हणाला. "सगळ्यात जुनी." कुणाच्या तरी कॉलरच्या मापाखाली पेन्सिलने सोळा आकडे लिहिलेले होते. हातात आलेल्या प्रत्येक गोष्टीचं माप टिपून ठेवायची शिंप्याची खोड!

पहिली पेटी समुद्रात पडली. दुसरीही. अशा अकरा बुडाल्या. बारावी ट्रकवर टेकली, तेव्हा करंगळीशेजारचं बोट वाकलं होतं. तो त्या बोटाकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "चल, पुढची."

मित्रांनो, गेम खुशाल डाउनलोड करा. पण जे शेजाऱ्याला उसनं देता येत नाही, ते आपलं झालं असं समजू नका. आणि घरात माझ्यासारखी कुणी असेल, तर नीट ठेवा. आम्ही डूख धरतो.

दीड महिन्याने शिंप्याचा अंगठा कात्रीत शिरला. पहिलं काय शिवलं? माझ्यासाठी पिशवी, बटणवाली. शिवण जरा वाकडी गेलीय. पण त्या शिवणीला कुणी हसून दाखवाच!