पंचमीला कापत नाहीत

हरणाबाईनं पदर कमरेला खोचला, दोन्ही हातांनी चऱ्हाट गच्च धरलं आणि गुडघे मोडून असा काही रेटा दिला, की फळीवर समोर उभी असलेली भावजय बनुबाई किंचाळलीच. झोका लिंबाच्या शेंड्याला भिडायला निघाला. दिवस नुकता उगवला होता, तरी खाली गल्लीतल्या माहेरवाशिणी आपापल्या पाळीची वाट बघत उभ्या होत्या. चाळिशीची बाई, दोन पोरांची आई, पण उतरायचं नाव घेईल तर शपथ.

आज तिला सगळं हवं होतं. झोका, फेर, फुगड्या, पुरणाची दिंडं, काही म्हणून सोडायचं नव्हतं. तिच्या डाव्या छातीत गाठ होती. मिरजेच्या डॉक्टरांनी कॅन्सर असल्याचं सांगितलं आणि ऑपरेशनला नेमका नागपंचमीचाच दिवस दिला. सकाळच्या गाडीनं उपाशीपोटी या, ही वेळ हुकली तर पुढची महिन्याभरानं, आणि आजार काही महिनाभर थांबणार नाही, असं त्यांनी स्पष्ट बजावलं होतं. तिथली नर्स मात्र जाता जाता बोलून गेली, की नंतर त्या बाजूचा हात पहिल्यासारखा वर जात नाही. ते ऐकून हरणाबाई धसकली. तो धसका तिनं कुणाला दाखवला नाही. घरी येऊन एवढंच म्हणाली, "पंचमीला कापत न्हाईत."

एवढं पुरे होतं. पंचमीला विळी पालथी घालायची, भाजीचा देठसुद्धा हातानं मोडायचा. त्या दिवशी घरात काही चिरलं तर भावाला इजा होते, ही पूर्वापार चालत आलेली समजूत. आणि हरणाबाईचा धाकटा भाऊ, भाऊसो, फौजेत होता. बासष्टच्या लढाईतून हातीपायी धड परतलेला एकुलता मुलगा. तेव्हापासून त्यांच्या आईनं, राहीबाईनं, पंचमी आणखीच कडक केली होती. बहिणीच्या ऑपरेशनसाठी रजा काढून आलेल्या भाऊसोनं समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. राहीबाई ढिम्म हलली नाही. मायलेकींचं एकमत झाल्यावर तिथं पलटणीचं काय चालणार.

आपण आईच्या भीतीआड लपलोय, हे हरणाबाईला मनातून ठाऊक होतं. पण झोका वर गेला की पलूसकडचे उसाचे फड दिसायचे, पोटात गुदगुल्या व्हायच्या आणि तिला पोरीसारखं हसू फुटायचं.

"वन्सं, पुरं की आता," बनुबाई म्हणाली.

"आत्ता कुटं सुरू झालंय."

तेवढ्यात खालचा गलबला थांबला. राहीबाई विळी घेऊन ओट्यावर आली होती. तिनं विळी पायाखाली दाबली आणि परसातलं काकडीसारखं वाळूक पात्यावर धरलं. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. म्हातारीनं एकदा दारातल्या लेकाकडं डोळे भरून बघितलं. मग झोक्यावरच्या लेकीकडं. आणि वाळकाचे दोन तुकडे केले.

"कापलं बग म्या," ती म्हणाली. "त्याचं देव बघंल. तू उतर."

भाऊसो पुढं झाला, त्यानं एक फोड उचलली, सगळ्यांदेखत कचाकचा चावून खाल्ली आणि मिशा पुसल्या.

"ग्वाड हाय," तो म्हणाला.

झोका हळूहळू मंदावला. हरणाबाईला भरून आलं होतं आणि लाजही वाटत होती. वारूळ पुजायच्या आधी खायचं नाही म्हणून तिनं काही खाल्लं नव्हतं, त्यामुळं पोट आयतंच रिकामं होतं. आता सांगायला एकही सबब नव्हती. तिनं नाक ओढलं.

"गाडीला येळ हाय न्हवं?"

"हाय, आक्का."

"मग बनू, गच्च धर," हरणाबाई म्हणाली आणि तिनं पुन्हा गुडघे मोडले.