अडकित्त्यानं कापलेली गोळी

माझ्या जुन्या मित्राच्या, बाबारावच्या, त्या पत्राला चार ओळींचं उत्तर पुरलं असतं. मी ते दिलं नाही.

"सदाशिव, गोळी खाऊन बीपी बराबर झाला. आता कायले खाऊ? तू विहारात ग्रंथ वाचतं, तुले समजते. सांग."

पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आमच्या बोरी अरब गावच्या बुद्धविहारात मी ग्रंथ वाचतो, एवढंच. मी काय डॉक्टर? तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. त्यानं महिनाभर वाट पाहिली आणि गोळी सोडली. पुढे कापूस वेचताना पऱ्हाटीतच पडला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

थंडी पडल्यावर त्याच्या गावी, मुकुटबनला, त्याला पाहायला गेलो. तो खाटेवर होता. त्याची बायको, नलूवहिनी, चुलीवर चहा ठेवून अडकित्त्यानं गोळी कापत होती.

"दोन तुकडे कशाला, वहिनी?"

"अर्धी यायले, अर्धी मले. दवाखान्यातली सिस्टर म्हणे, माहाबी बीपी वरचा एकशे ऐंशी हाय."

"मग तुमची वेगळी देईल ना ती. फुकट असते."

"देते. पण नाव लिहिलं का मीबी बिमारच झालो नं, भाऊजी. मंग यायले उचलंन कोन? एका घरात एक बिमार पुरे." ती हसली. "आन मी डोकं दुखलं तवाच घेतो. तेवढं समजते मले."

हे दुखणं दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो, असं सांगायचं होतं. मी बशीत चहा ओतला.

रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. बाबारावनं दाराकडे मान वळवली.

"पोस्टमन आला का असंच," वहिनी म्हणाली. "पडले तवापासून दाराकडंच पाह्यतेत. यायले कोनाचं पत्र येनार हाय, सांगा बरं."

बाबारावनं माझ्याकडे पाहिलं नाही. चहा तसाच ठेवून मी उठलो.

घरी येऊन लिहायला बसलो. या वेळी फाडलं नाही.

"बाबाराव, गोळी घेत होता म्हणूनच तुझा बीपी बराबर होता. सोडायची नव्हती. तू विचारलंस, मी सांगितलं नाही. नलूवहिनी, हे त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. त्याची गोळी त्याला अख्खी द्या. तुमचं नाव सिस्टरकडे लिहा, ती देईल ती गोळी रोज घ्या, डोकं दुखो न दुखो. तुम्ही पडलात तर त्याला उचलायला कोणी नाही."

पोस्टाच्या पेटीपाशी पुन्हा वाटलं, मी कोण सांगणारा? मग पत्र आत सोडलं. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाशी पडल्याचा आवाज आला.