दर दहा मिनिटांनी डोळा मिचकावणारा देव

आष्ट्याजवळच्या एका उसाच्या बांधावर गुरुवारी सकाळी दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती. सगळ्यांची नजर लोखंडी खांबावरच्या पत्र्याच्या पेटीवर. पेटीला गोल काच, काचेभोवती कुंकू. आतून 'खट्' असा आवाज आला आणि दोनशे डोकी एकदम वाकली.

"मिचकावला! देवानं डोळा मिचकावला!"

खांबासमोर निमिषबाबा बसले होते. त्यांच्या पुढ्यात जमिनीतून वर येणारा काळा दगड.

"सोमवारी बोटभर, मंगळवारी चार बोटं, आज वीतभर!" बाबा गरजले. "वरचा डोळा बघतो, तसा खालचा देव वाढतो. घाला पाणी!"

घागरीमागून घागर रिकामी झाली. गर्दीमागं उभ्या अनीशनं कपाळाला हात लावला. पेटी त्याची होती.

साताऱ्याचा अनीश टाइमलॅप्स चित्रण करायचा. महिनोन्महिने चालणारी गोष्ट मिनिटांत दाखवायची, हा त्याचा धंदा. पेटीतला कॅमेरा अकरा महिने, उजेड असेतोवर, दर दहा मिनिटांनी एक फोटो घेत होता. लावणीपासून तोडीपर्यंतचा ऊस, चार मिनिटांत. अट एकच: कॅमेरा केसभरही हलता कामा नये. हलला की पडद्यावर ऊस उडी मारणार आणि अकरा महिने वाया. तोड वीस दिवसांवर आली होती. शेताचे मालक सुभेदार राजवर्धन लडाखला ड्यूटीवर. आई मनुबाईंना त्यांनी फोनवर 'ऊस मापायचं यंत्र हाय' एवढंच सांगितलेलं.

आणि आता खांबाला शिडी लावून बाबांचा एक भक्त, गावातला बाळासो, पान्यानं पेटीचा नट सैल करत होता.

"आवं, काय करताय?" अनीश धावला.

"चार वाजता पालखी हाय. डोळा आष्ट्यात मिरवायचा. तुमी आदी चपला काढा."

"कॅमेरा आहे तो माझा!"

"व्हय, आन मी कलेक्टर."

बाबांचा चेहरा क्षणभर उतरला, पण जीभ तयार होती. "देव कुठंही उतरतो, बाळा. यंत्रात उतरला. या डोळ्यापासून काही लपत नाही. सोमवारपासून त्यानं सगळं पाहिलंय!"

"मग बघू या की, काय पाहिलंय ते," अनीश म्हणाला.

"दाव रं," घागर खाली ठेवत मनुबाई म्हणाल्या. "देवाला दिसलं ते आमाला बी दिसू दे."

"देवाचं दर्शन असं यंत्रात..."

"आत्ताच म्हनला की, यंत्रात उतरलाय!" गर्दीतून आवाज आला.

अनीशनं नेहमीच्या सवयीनं, कॅमेऱ्याला धक्का न लावता फोटो साठवलेलं कार्ड काढून दुसरं घातलं आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला.

सोमवार, सकाळी सहा दहा: बाबा खड्डा खणताहेत. सहा वीस: खड्ड्यात पोतं ठेवताहेत. सहा तीस: पोत्यावर दगड. सहा चाळीस: माती सारखी करून बाबा समाधीत. मग माणसं पिसवांसारखी टुणटुण उडू लागली, घागरी ओतू लागली, आणि दगड उतू जाणाऱ्या दुधासारखा वर आला. रोज सकाळी मध्येच एक भलामोठा चेहरा यायचा: उपरण्यानं काच पुसणारे बाबा.

"फोटो एवढे स्वच्छ आले ते यांच्यामुळंच," अनीश म्हणाला.

मनुबाईंनी खुरपं घेऊन दगडाखाली उकरलं. फाटक्या पोत्यातून मोड आलेले, टम्म फुगलेले हरभरे बाहेर आले.

"आगं बया! पानी आमी घातलं, हरभरं फुगलं, आन वर आला ह्यांचा देव! अख्ख्या गावाची उसळ झाली असती रं!"

हशा पिकला. बाबा तोवर उसात शिरले होते. उसाचे शेंडे हलत हलत पार पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेले. पेटीत 'खट्' झालं. कुणी वाकलं नाही.

बाळासो शिडी चढला आणि नट पुन्हा आवळला. "हालला न्हाई न्हवं?"

"नाही. वाचला."

ऊस तुटल्यावर अनीशनं चित्रफीत गावात दाखवली. कोवळा कोंब चार मिनिटांत पुरुषभर उंच झाला, कुठंही उडी नाही. फक्त शेवटाकडे, खालच्या कोपऱ्यात, काही क्षण माणसं टुणटुणली आणि एक दगड वर आला. तो कोपरा अनीशला सहज झाकता आला असता. त्यानं झाकला नव्हता.

"ती घागरवाली मीच," मनुबाई शेजारणीला म्हणाल्या. "पुन्ना कुनी असला देव दावला, तर पानी मागनं घाला. आदी खाली उकरून बघा. खरा आसंल, तर रागावनार न्हाई."