पाणी मागून बघितलेली गल्ली

छबुबाईने तीन लेकी दिल्या, त्या पत्रिका बघून नाही. पत्रिका काय, गुरुजीला दोनदा चहा पाजला की जुळतात. छबुबाईची रीत वेगळी होती. स्थळाकडचे लोक पोहे करून, चादरी बदलून, दात काढून बसलेले असायचे, तेव्हा ही बाई पदर सावरत उठायची, शेजारच्या दारात जायची आणि म्हणायची, "बाई, घोटभर पाणी द्या." पाणी किती वेळाने येतं, तांब्या घासलेला आहे का, पाण्याबरोबर कुणाच्या चुगल्या येतात, एवढ्यावर तिला सगळी गल्ली कळायची. तिन्ही लेकी सुखात आहेत. निदान माहेरी येऊन तक्रार करायची त्यांची हिंमत नाही, आणि छबुबाईच्या लेखी ते सुखातच जमा होतं.

आता एकुलत्या लेकाने, अमरसिंहाने, बीडला घर घ्यायचं काढलं. सून वनमाला नर्स. तिची बदली बीडच्या दवाखान्यात झाली होती, आणि नेकनूरहून रोज बसने जाऊन रात्रपाळ्या काही निभत नव्हत्या. अमरसिंह माजलगावकडे साखर कारखान्यात. गाळप सुरू झालं की तो घरच विसरायचा. मग दोन वर्षांच्या चिमीला कुणी बघायचं? छबुबाई बीडला येणार नव्हती. म्हशी होत्या, विहीर होती, आणि लेकाच्या घरात पाहुणी होऊन बसण्याइतकी ती अजून थकली नव्हती, असं ती स्वतःच सांगायची, कुणी विचारलेलं नसताना.

शेवटी असं ठरलं की चिमीला हक्काने टाकून जाता येईल असा शेजार मिळाला तरच तिला बीडला न्यायची. नाही मिळाला तर पोरगी नेकनूरलाच आजीजवळ राहील. आणि शेजार कसा आहे हे ठरवणार कोण? छबुबाई.

म्हणजे दूध राखायला मांजरच बसवलं होतं. पण हे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती.

"माय, हे बघ," अमरसिंहाने मोबाईल पुढे केला. "ग्रीन व्हॅली. वरून घेतलेला व्हिडिओ हाय."

"व्हॅली म्हंजी काय?"

"दरी."

"बीडच्या माळावर दरी? आन् वरून कावून दाखवितोस? मला काय घारीसंगं राहायचंय? खालून दाखव, दारातून."

दारातून बघायला म्हणून जीप काढली. वनमाला चिमीला घेऊन बसली, आणि बरोबर बबनराव आला. हा छबुबाईचा चुलत दीर. पूर्वी हार्वेस्टर चालवायचा, आता प्लॉट विकतो. पांढरे कपडे, काळा चष्मा आणि बोटात तीन अंगठ्या. शेती विकायला लावून त्याने किती जणांचं भलं केलं हे तो वाटेत सांगत राहिला.

ग्रीन व्हॅलीला मोठी कमान होती. दोन सिंह, वर कळस, खाली लोखंडी गेट, गेटला कुलूप. आणि गेटच्या डाव्या-उजव्या बाजूला काहीच नव्हतं. भिंत नाही, तार नाही, मोकळं माळरान. शेरड्या कमानीला वळसा घालून निवांत आत-बाहेर करत होत्या.

"वैनी, थांबा, किल्ली मागवितो," बबनराव म्हणाला.

"शेरड्यांनी मागविली का किल्ली?" असं म्हणून छबुबाई शेरड्यांच्या वाटेने आत गेली. बबनराव मात्र किल्ली येईपर्यंत गेटासमोर उभा राहिला. आपल्या कमानीची बेअब्रू त्याला बघवली नाही.

पहिल्याच घराच्या गॅलरीत एक बाई केस वाळवत होती. छबुबाईने पाणी मागितलं.

"आडनाव काय तुमचं?" वरून आवाज आला.

"आडनावाला न्हाई लागली तहान, मला लागलीय."

"तसं न्हाई हो. इकडं सगळे आपलेच लोक राहतात, म्हणून विचारलं. गाव कोणतं? माहेर कुठलं?"

छबुबाईने गाव सांगितलं, माहेर सांगितलं. ती बाई बोटावर काहीतरी जुळवत राहिली. जुळेपर्यंत इकडे तहान मरून गेली.

"असू द्या," छबुबाई म्हणाली. "तुमी चौकशी पुरी करा. मी कुणाच्या तरी बाराव्याला येईन, तवा पाजा."

तिथून बायपासच्या पलीकडे. तिथली घरं मात्र देखणी. कुंड्या, फरशी, दाराला पितळी मूठ. छबुबाईने बेल दाबली. दार उघडलं नाही, पण दाराशेजारची एक डबी बोलली.

"कोण?"

छबुबाई दचकून मागे सरली, मग डबीच्या जवळ तोंड नेऊन म्हणाली, "बाई, घोटभर पाणी द्या."

"मी पुण्यात आहे," डबी म्हणाली. "मोबाईलवर दिसताय तुम्ही. काय काम होतं?"

"पुण्याहून पाणी कसं देशील गं माय? र्‍हाऊ दे. दारात उन्हात उभी हाय, तेवढं बघून घे." मग तिने शेजारची बेल दाबली. तिथली डबी हैदराबादला होती. तिसरी बोललीच नाही. सगळी गल्ली चकचकीत आणि सगळी परगावी.

"गुंतवणूक हो वैनी!" बबनराव म्हणाला. "लई शांत एरिया."

"मसणवटाबी शांत असतो, भावजी. तिथं निदान माणसं तरी असत्यात."

चिमी जीपमध्ये आजीच्या मांडीवर झोपली होती. छबुबाईचं तोंड कडू होतं, पण आतून ती खुशीत होती. दोन गल्ल्या नापास झाल्या. तिसरीही झाली की पोरगी घरी. चिमीसाठी दारात जांभळीला झोका कुठे बांधायचा, हेही तिने ठरवून टाकलं होतं.

तिसरीकडे जाताना टायर बसलं. अमरसिंह चाक बदलायला उतरला. रस्त्याच्या कडेला एक साधी वस्ती होती. बारकी रो-हाऊसं, लागून लागून, रंग उडालेली. एकदोन घरांवर विकायची पाटी होती, पण बबनरावाने हे दाखवायच्या यादीत घेतलंच नव्हतं. इथे सुटणारी दलाली त्याच्या एका अंगठीलाही पुरली नसती.

छबुबाई नुसतं पाय मोकळे करायला उतरली आणि सवयीने एका दारात उभी राहिली. दारात एक म्हातारपणाकडे झुकलेली बाई पायरी धूत होती. ही आमिनाबी. तिचा लेक साजिद बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचा.

"घोटभर पाणी द्या बाई."

आमिनाबीने काही विचारलं नाही. आतून घासलेला तांब्या आणला, काठोकाठ भरलेला. छबुबाई प्यायली. दुसरा आणला. तो अर्धा राहिला तर आमिनाबी म्हणाली, "पाय पुढं करा, धुळीनं भरलेत," आणि उरलेलं पाणी तिच्या पायांवर ओतलं. मागून वनमाला चिमीला घेऊन आली, तर तिच्याही हातात पेला आला. पलीकडच्या दारातून कुणीतरी पोरीला तोंड धुवायला तपेलं दिलं.

"पसंत," छबुबाई म्हणाली.

बोलून गेली, आणि मग तिला कळलं की तिने हे काय केलं. त्या एका शब्दासरशी चिमी नेकनूरातून उठली होती. पण शब्द तोंडाबाहेर पडला होता, आणि छबुबाईने बोललेला शब्द गिळल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

वनमाला गल्लीकडे बघत होती. प्रत्येक भिंतीवर गोधड्या वाळत होत्या. "आत्या," ती हळूच म्हणाली, "आज बहुतेक नळ..."

"गप. मला पाण्यातलं शिकवू नकोस. तीन लेकी दिल्यात मी."

वनमालेने चिमीच्या तोंडावरचं पाणी पदराने पुसलं. पोरगी बरोबर येणार म्हटल्यावर तीही जास्त बोलली नसती.

दुसऱ्या दिवशी छबुबाईने वाड्यावस्तीला गोष्ट सांगितली. गोधड्यांपासून पायांवर ओतलेल्या पाण्यापर्यंत, आणि दर वेळी तांब्या जरा मोठा होत गेला. ऐकणाऱ्यांत दगडाबाई होती. तिची लेक बीडला दिलेली.

"गोधड्या वाळत होत्या म्हन्ता?" दगडाबाईने विचारलं. "पायऱ्या धूत होत्या?"

"मंग! लई टापटीप लोक."

दगडाबाईने तोंडाला पदर लावला. "अवं छबुबाई, तुमी नळाच्या दिवशी गेलतात! तिथं नळ आठ-पंधरा दिवसांनी येतो. आला की बीडचा चोरसुद्धा घरमालकाला पाणी पाजून जातो. रोज जाऊन मागा म्हणावं!"

बायका हसल्या. अशा हसल्या की छबुबाईच्या म्हशीने मान वळवली.

चूक झाली होती, आणि ती होणारच होती. छबुबाईच्या दारात स्वतःची विहीर. नळाची वाट म्हणून तिने जन्मात बघितली नव्हती. तिला वाटायचं, पाणी देणं म्हणजे मनाचा मोठेपणा. त्यात वार बघायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सुनेने सांगितलं होतं, पण सुनेचं ऐकायची रीत नव्हती.

"तू कावून बोलली न्हाईस?" रात्रीच्या भाकरी थापताना तिने वनमालेला विचारलं.

"बोलत होते. तुम्ही गप म्हणालात."

"एरवी म्हणते तवा ऐकतीस का? नेमकं कालच ऐकलंस."

पण ही नामुष्की गिळता गिळता छबुबाईच्या घशाला एक गोड चव लागली. परीक्षा खोटी, तर निकाल खोटा. दोन दिवसांनी घराचा इसार द्यायचा होता, त्याच्या आत गल्ली नापास करता येत होती. शब्द गिळायला नको, आपल्याच रीतीने गल्ली पुन्हा तपासायची. चिमी पायाशी वाटीतलं पीठ सांडत होती. छबुबाईने तिला उचललं आणि तिच्या कपाळाला पीठ लावलं.

सकाळी, दूध घालून, कुणाला न सांगता ती बीडच्या बसमध्ये चढली.

गल्ली ओळखू येत नव्हती. गोधड्या नव्हत्या. पायऱ्यांवर धूळ. दारोदारी निळे ड्रम, झाकणांवर दगड. पहिल्या दारात पाणी मागितलं तर आतूनच आवाज आला, "घरी कुणी न्हाई!" परवा तपेलं देणारी बाई म्हणाली, "जार संपलाय हो मावशी, आत्ताच." तिच्या मागे जार दिसत होता, आणि छबुबाईने तो बघितला हे तिलाही दिसलं.

छबुबाई आनंदली. तिसरं दार आमिनाबीचं. आता हीही पडली की मोकळे.

आमिनाबीने दार उघडलं आणि तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "परवा आलतात तुमी. आज तपासायला आलात व्हय?"

छबुबाईला असं तोंडावर कुणी बोलत नसे. "तहान लागली म्हणून आले," ती म्हणाली.

"नेकनूरहून? लई लांब लागली तहान." आमिनाबी आत गेली. लगेच आली. हातात गिलास, अर्धा.

छबुबाईने गिलास उजेडात धरला. "परवा तांब्या, आज अर्धा गिलास?"

"परवाचं पाणी नळाचं व्हतं. ते काय माझ्या बापाचं न्हवतं, कुणालाबी पाजलं असतं. आजचं माझं हाय, साजिदनं सायकलवर आणलेलं. त्यातलं अर्धं तुमचं, अर्धं माझं. पुरं मागाल तर मिळणार न्हाई."

छबुबाई उभ्या उभ्या प्यायली. एक थेंब सांडला नाही. ती जन्मभर लोकांकडून पाणी प्यायली, पण कुणी मोजून देऊन वर त्याचा जाब दिला नव्हता. गल्ली नापास करायला एवढं पुरत होतं. घरी जाऊन 'अर्धा गिलास' एवढंच सांगायचं होतं. खोटंही ठरलं नसतं.

ती पायरीवर बसली.

"माझी नात हाय, दोन वर्षांची," ती म्हणाली. "सून दवाखान्यात जाईल, रातपाळीला बी."

"कळलं ते परवाच, सून सांगत व्हती. माती खाती का?"

"खाती."

"ठेवीन. पण खाल्ली की मी रागावीन. मंग आजी म्हणून भांडाय यायचं न्हाई."

"यीन," छबुबाई म्हणाली. "भांडायलाच यीन."

"या. पण पाणी संगं घेऊन या."

घरी अमरसिंह काळजीत होता. दगडाबाईचं हसू त्याच्यापर्यंत पोचलं होतं. "माय, मंग इसार थांबवू का?"

चिमी अंगणात झोपली होती. छबुबाईने तिच्यावरची माशी उडवली. जांभळीखाली झोक्यासाठी आणलेला दोर पडला होता. तो तिने उचलून गुंडाळला आणि लेकाच्या हातात दिला.

"तिकडं खिडकीला बांध. आन् ऐक, शेजारीण लई तोंडाळ हाय. एक शब्द खाली पडू देत न्हाई, पाहुण्याचाबी मान ठेवत न्हाई. घर घे."

"आँ?" अमरसिंह म्हणाला. वनमालेने चुलीवरचं दूध उतरवलं आणि पहिला कप सासूला दिला.

इसाराच्या दिवशी जीपमध्ये बबनराव मागे बसला, कारण पुढे विहिरीच्या पाण्याने भरलेल्या घागरी होत्या. उरलेली एक त्याच्या मांडीवर दिली होती, ती पांढऱ्या पँटवर वाटभर हिंदकळत होती. छबुबाईने सगळ्या घागरी स्वतः उतरवून आमिनाबीच्या दारात ठेवल्या. अख्खी गल्ली बघायला आली.

"हे काय?" आमिनाबीने विचारलं.

"अर्धा गिलास परत करते. मी कुणाचं ठेवत न्हाई."

आमिनाबीने ओंजळ भरली, चव घेतली, जिभेवर घोळवली. चिमी तोवर तिच्या पदराला धरून उभी होती आणि दुसऱ्या हाताने पायरीजवळची माती उकरत होती.

"खारं हाय जरा," आमिनाबी म्हणाली. "पण र्‍हाऊ द्या. धुण्याला चालंल."

छबुबाईच्या विहिरीला नेकनूरात आजवर कुणी खारं म्हटलं नव्हतं. तिने घागरीत बोट बुडवून स्वतः चव बघितली. वनमालेने पदर तोंडाशी नेला आणि ती भिंतीकडे वळली.

"अमर," शेवटी छबुबाई म्हणाली, "पुढच्या ऐतवारी मी परत येणार हाय. ह्या बाईसंगं माझं बोलणं अर्धं र्‍हायलंय."