शंभर ग्रॅम जास्त

मी बोलतोय, थायलंडमधल्या मेक्लोंगच्या बाजारातला ताणकाटा. मासळी तोलणाऱ्याच्या अंगाला वास यायचाच, तेव्हा नाक मुरडू नका.

माझी मालकीण लामदुआन बांगडे विकायची. जीभ गोड, हात चलाख. तिनं माझ्या स्प्रिंगला असा काही पीळ दिला होता की मी दर तोलाला शंभर ग्रॅम जास्त दाखवायचो. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायची, "ताई, मासा ताजा आहे, म्हणून जड लागतो!" मलाही गंमत वाटायची.

मग तिच्या लेकीच्या, कुंगच्या, किडन्या गेल्या. लहानपणापासूनच्या मधुमेहानं त्या खाल्ल्या. बँकॉकच्या डॉक्टरांनी किडनी आणि स्वादुपिंड एकदमच बसवायचं ठरवलं. दाता मिळेपर्यंत घरीच डायलिसिस. नळीनं पोटात दोन लिटर औषधी पाणी सोडायचं, काही तासांनी काढायचं, असं दिवसातून चारदा. घातलं त्याहून जास्त निघालं ते अंगात साठलेलं पाणी; ते किती, हे निघालेली पिशवी तोलून वहीत लिहायचं. लामदुआननं मला साबणानं घासून खिडकीत टांगलं. त्या पाण्यात साखर असते, त्यामुळे कुंगच्या इन्शुलिनच्या सुया वाढल्या, भातही वाटीनं मोजूनच. "आई, मी आता पोटातूनच सरबत पिते," म्हणायची. गुणाची पोर. माझा फार जीव तिच्यावर.

दोन महिन्यांत तिचे पाय सुजले, चार पायऱ्या चढली तरी दम लागायचा. नर्स सुपात्रा घरी आली, वही उघडून बसली.

"वहीत तर पाणी भरपूर निघतंय. मग पाय असे का? अंगात पाणी साठलेलं असलं तर बोलावणं येऊनही ऑपरेशन होणार नाही. अवयव दुसऱ्याला जातील. कुंग, खरं सांग, चोरून पाणी पितेस?"

"नाही हो ताई, शपथ!"

लामदुआनचा चेहरा पडला. "तिला नका बोलू. काटाच खोटा आहे माझा. दर पिशवीला शंभर ग्रॅम."

मला लाज वाटली. भिंतीत शिरावंसं वाटलं.

कुंग हसत सुटली. "अगं आई, बाजार पुरला नाही का तुला? पोटच्या पोरीलाही मापात मारलंस?"

लामदुआन मात्र रडली. त्याच दिवशी तिनं मला खोललं आणि किलोचा तांदळाचा पुडा टांगून टांगून सरळ केलं. डॉक्टरांनी जास्त पाणी ओढणारं औषधी पाणी दिलं, सूज उतरली.

पाचव्या महिन्यात एका सकाळी दाता मिळाल्याचा फोन आला. निघण्याआधीची शेवटची पिशवी मीच तोलली. एक ग्रॅमही खोटं बोललो नाही.

तीन आठवड्यांनी लामदुआन कपडे न्यायला घरी आली, तेवढ्यात कुंगचा फोन.

"आई, आज भात खाल्ला! सुई न टोचता!"

"अगं बाई! किती खाल्लास?"

"मोजलाच नाही गं."

लामदुआननं तिच्याकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. आणि मी? जन्मभर मोजत आलो, पण इतकं सुखाचं उत्तर कधी ऐकलं नव्हतं. आता खुशाल गंजू द्या मला.