मिटलेला अर्धा

मदतनीस जालमसिंगच्या हातून सकाळपासून तिसरी काच तडकली, तेव्हा सरलाबाईंनी मान वर केली. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या रंगवलेल्या किड्यावर पातळ काच ठेवायची, वर टीपकागद धरायचा आणि अंगठ्याने अशा बेताने दाबायचं की पेशी पसरतील पण काच हलणार नाही. तापीकाठच्या त्या ऊस संशोधन केंद्रात हे जालमसिंगइतकं कुणालाच साधत नसे. पुण्याहून आलेल्या सरलाबाई दोन वर्षं त्याच्याच अंगठ्याच्या भरवशावर होत्या.

"काय झालंय आज?"

"काल बायकोले मारं, बाई," तो म्हणाला. "पहिलांदा."

आजवर हात उगारला नव्हता त्याला कारण होतं. तो चौदा वर्षांचा असताना त्याच्या बापाने, उदेसिंगने, कालवणात मीठ जास्त झालं म्हणून त्याच्या आईला कुदळीच्या दांड्याने झोडपलं होतं. फुलवंताबाई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. जन्मठेप भोगून म्हातारा सहासष्ट साली परतला आणि ओट्यावर बसून हुकूम सोडू लागला, त्यालाही आता वर्ष होत आलं होतं. जालमसिंग बापावर गेलाय हे गावाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यावर त्याने एक उपाय धरला होता. डोकं तापलं की बोलणं अर्धं टाकून नदी गाठायची आणि हात गार पडेपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं. सारंगखेड्याच्या यात्रेच्या थंडीतही तो पाण्यात दिसे आणि लोक हसत. काल मात्र दार गाठायच्या आतच हात उठला. ओट्यावरून बाप समाधानाने म्हणाला, "आते शोभस मन्हा पोऱ्या."

सरलाबाईंनी तडकलेली काच बाजूला सारली. त्यांनी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. उसाच्या पानाआड राहणाऱ्या पिठ्या ढेकणावर त्यांचं काम चाललं होतं.

"ही मादी. आईबापाकडून आलेले गुणसूत्रांचे सगळे धागे मोकळे दिसतात ना? आता हा नर बघा."

नराच्या प्रत्येक पेशीत एका कडेला गडद गोळा होता.

"हाऊ डाग कसाना शे?"

"डाग नव्हे. तो बापाकडून आलेला अर्धा भाग. या धाग्यांना प्रथिनं लपेटलेली असतात, हिस्टोन म्हणतात त्यांना. धागा मोकळा असला की काम करतो, आवळला की गप्प बसतो. तो कसा आवळतो ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. पण या नरात बापाचं सगळंच आवळून मिटतं. असतं तिथेच, पण त्याचं काही चालत नाही. चालतं ते आईचं."

जालमसिंगने काचेवरून डोळा काढला नाही. "अन् मानसमा, बाई?"

"माणसात असं होत नाही, जालमसिंग. हे या किड्याचं आहे."

त्याने ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. एवढ्याशा किड्याला देवाने ही सोय दिली, मग आपल्याला का नसेल? कालचा हात चुकून उठला असेल. आत फुलवंताबाई मोकळी आहे आणि बाप मिटून पडलाय, असं त्या वेड्याने धरून टाकलं. पंधरा वर्षांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. उरलेल्या दिवसात त्याने एकही काच फोडली नाही.

दिवेलागणीला तो घरी पोचला, तर म्हातारा सुनेला, तुळशीबाईला, केसांनी धरून ओट्यावरून ओढत होता. भाकरी करपली होती. पाच वर्षांची पोर चुलीमागे दडली होती. एरवीचा जालमसिंग बायकोला सोडवून, पोरीला उचलून नदीकडे चालू पडला असता. आज त्याने म्हाताऱ्याची बोटं एकेक करून सोडवली आणि तो तिथेच थांबला. आपल्याला आता पळायची गरज नाही, अशी त्याची खात्री होती.

"मायवर गया तू, बायल्या," ओरडणाऱ्या सुनेकडे बघत बाप थुंकला. "ती बी अशीच वरडे."

जालमसिंगने कोपऱ्यातलं मुसळ उचललं. पहिला घाव म्हाताऱ्याच्या उजव्या हातावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसरा डाव्या मनगटावर, मग बरगडीत, मग पाठीत. म्हातारा कोसळला तरी मुसळ थांबेना. तुळशीबाईने मागून कमरेला मिठी घातली, तर त्याने तिलाही भिंतीवर फेकलं. पोर किंचाळली तेव्हा कुठे त्याने वळून पाहिलं.

तुळशीबाईच्या कपाळातून रक्त वाहत होतं. म्हाताऱ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. दोन्ही हात पसरून ती पोरीच्या पुढे उभी होती, आणि तिचे डोळे जालमसिंगच्या हातातल्या मुसळावर होते. त्याला स्वतःची भीती वाटली.

सकाळी हाडवैद्याने म्हाताऱ्याचे दोन्ही हात बांबूच्या कामट्यांत बांधले. मग जालमसिंगने मायलेकींना नावेत बसवलं आणि पलीकडच्या गावी, तुळशीबाईच्या भावाकडे पोचवलं.

वाटेत ती एवढंच बोलली, "तुम्ही मन्हाकरता मारं, माले समजस. पन तुम्हले थांबता नही उनं. पोरनी बी दखं."

भाऊ फत्तेसिंग समजूत घालू लागला, "चार दिनमा डोकं थंडं हुई, दाजी. मंग ली जा."

"नही," जालमसिंग म्हणाला. "मी लेवाले उनू, पाया पडनू, तरी इले धाडू नको."

पोर मामाच्या धोतराआडून बघत होती. तिला जवळ घ्यावं असं त्याच्या फार मनात होतं, पण तो हात मागे बांधून उभा राहिला आणि तसाच वळला.

घरी आल्यावर त्याने चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या आणि वरणात घास कालवून बापाच्या तोंडापाशी नेला. म्हाताऱ्याने तो त्याच्या अंगावर थुंकला. जालमसिंगने सदरा पुसला आणि दुसरा घास कालवला. हात उठू नये म्हणून त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि म्हातारा तोंड उघडेपर्यंत घास तसाच धरून ठेवला.